तिसरी घंटा

कोरड्या यीस्टची पूड कोमट साखरपाण्यात घालून झाकून ठेवली, की दहा-पंधरा मिनिटांत वर फेस धरतो. घरी पाव करणाऱ्याला ही खूण पुरते. यीस्ट जिवंत आहे, आता मैदा मळायला घ्यायचा. गेल्या फेब्रुवारीत मी मैदा बाजूला ठेवला आणि फेसाखालचा एक थेंब काचपट्टीवर घेतला. घरात मुलांसाठी आणलेला शाळकरी सूक्ष्मदर्शक होता, चारशे पट मोठं दाखवणारा. थेंबात मेथिलीन ब्ल्यूचा ठिपका सोडला. मेलेल्या पेशी या रंगानं निळ्या होतात, जिवंत पेशी मात्र रंग आत शिरताच तो निष्प्रभ करतात आणि बिनरंगी राहतात. भिंगाखाली लांबट गोल पेशींची जत्रा भरली होती आणि त्यातल्या बहुतेक बिनरंगी होत्या. पाकिटात महिनोन्महिने सुक्या पडलेल्या आणि पाव तासाच्या ओलाव्यानं जाग्या झालेल्या.

मग थोडं यीस्ट नारायणगावच्या द्राक्षांच्या रसात घातलं आणि दोन तासांनी पुन्हा पाहिलं. आता काही पेशींच्या अंगावर बारीकसा फुगवटा होता. कुठे मोहरीसारखा टिकला, कुठे अर्ध्या पेशीएवढा गोळा, तर कुठे दोन जवळपास सारख्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या. शाळेच्या पुस्तकात याला कलिकायन म्हणतात. कलिका म्हणजे कळी. परीक्षेसाठी पाठ केलेला हा शब्द इतका नेमका आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

त्या कळीच्या आत त्या वेळी जे चाललेलं असतं, ते शाळकरी सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. तेच सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

यीस्टच्या पेशीचा व्यास साधारण ५ मायक्रोमीटर. एका मिलिमीटरमध्ये अशा दोनशे पेशी रांगेनं बसतील. तिच्यातला गुणसूत्रांचा एक संच उलगडून सरळ केला, तर डीएनएचा धागा सुमारे ४ मिलिमीटर भरतो, तुरीच्या डाळीच्या एका दाण्याएवढा. म्हणजे पेशीच्या आठशे पट लांबीचा धागा पेशीच्याही आत, केंद्रकात, सोळा तुकड्यांत गुंडाळलेला. त्यावर सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांचा मजकूर. १९९६ साली हा मजकूर पूर्ण वाचून झाला. केंद्रक असलेल्या सजीवांमध्ये सगळा जनुकसंच वाचला गेलेला पहिला जीव म्हणजे हे पावाचं यीस्ट.

कळी वेगळी होण्याआधी या संपूर्ण मजकुराची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. भरपूर अन्न आणि ३० अंशांची ऊब मिळाली, तर यीस्टचं एक विभाजन दीड तासात उरकतं, आणि त्यातला नकलेचा वेळ असतो अर्ध्या तासाच्या आसपास. आता हिशेब करून पाहा. सोळांपैकी सर्वांत लांब ते चौथं गुणसूत्र, सुमारे १५ लाख अक्षरांचं. नक्कल करणारी यंत्रणा मिनिटाला साधारण दीड हजार अक्षरं पुढे सरकते. अगदी मधोमध सुरुवात करून दोन्ही दिशांना काम लावलं, तरी एवढ्या एका गुणसूत्राला आठ तास लागतील. पेशीकडे अर्धा तास आहे.

म्हणून पेशी अनेक जागी एकदम हात घालते. सोळा गुणसूत्रांवर मिळून अशी सुमारे चारशे आरंभस्थानं आहेत. वेळेचा प्रश्न सुटला, पण त्यातून दुसरा आणि जास्त अवघड प्रश्न उभा राहिला. चारशे लेखनिकांना एकाच पोथीच्या चारशे पानांवर बसवलं, तर कुणी एखादं पान दोनदा उतरवणार नाही, याची खात्री कोण देणार? भांडारकर संस्थेत महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहणाऱ्या पंडितांना हा अनुभव पानोपानी आला असेल. नकलेत ओळ गळते, नाहीतर तीच ओळ दोनदा उतरते. पोथीत ते चालून जातं. डीएनएचा एखादा भाग एकाच फेरीत दोनदा उतरला, तर धागे एकमेकांत अडकतात, गुणसूत्र तुटतं आणि पेशी मरते किंवा बहकते. प्रत्येक अक्षर एकदा, आणि एकदाच, असा नियम पाळावा लागतो. तो पाळायला वर कुणी मुकादम नाही. आहेत ती फक्त प्रथिनं.

हा नियम कसा पाळला जातो हे समजून घेताना मला बालगंधर्व रंगमंदिर आठवतं. प्रयोगाआधी तिकीट खिडकी उघडी असते, लोक आपापल्या खुर्चीवर येऊन बसतात. पहिली घंटा होते, दुसरी होते, पण पडदा हलत नाही. तिसरी घंटा होते आणि नाटक सुरू होतं. पेशीत अशी तिसरी घंटा देणाऱ्या प्रथिनाचं नाव आहे सीडीसी-७.

नावाची हकिकत सांगितलीच पाहिजे. १९६८ साली लेलँड हार्टवेल सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आले. पेशी का आणि कशी विभागते, कर्करोगात तिचा ताबा कसा सुटतो, हे त्यांना शोधायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी यीस्ट निवडलं. विभाजनाला आवश्यक असलेलं जनुक बिघडलं तर पेशी वाढणारच नाही, मग अभ्यास कशाचा करणार? त्यांनी यावर तापमानाची युक्ती वापरली. २३ अंशांना ठणठणीत असणाऱ्या, पण ३६ अंशांना थांबणाऱ्या पेशी त्यांनी निवडून काढल्या. पुण्याच्या हिशेबानं सांगायचं, तर श्रावणात खुशीत असलेल्या आणि एप्रिलच्या दुपारी जागच्या जागी खिळलेल्या. बिघडलेल्या जनुकातून बनलेलं प्रथिन गारव्यात कसंबसं काम करतं, उष्म्यात त्याची घडी विस्कटते.

पेशी थांबली हे कळतं, पण नेमक्या कोणत्या टप्प्यावर थांबली हे कसं कळणार? इथे कळी मदतीला आली. हार्टवेल यांच्याबरोबर काम करणारा ब्रायन रीड हा पदवीचा विद्यार्थी पेशींचे फोटो काढत होता. काही प्रकारच्या पेशी उष्म्यात नेल्यावर सगळ्याच्या सगळ्या कळीच्या एकाच आकारावर थांबलेल्या दिसल्या. कळीचा आकार म्हणजे पेशीचं घड्याळ. कळी नाही, म्हणजे तयारी चालू आहे. कळी छोटी, म्हणजे नकलेचा काळ. कळी मोठी, म्हणजे वाटणीची वेळ. मला स्वतःला विज्ञानाच्या इतिहासातला हा क्षण फार मोलाचा वाटतो. त्यासाठी महागडं उपकरण लागलं नव्हतं, फक्त बारकाईनं पाहणारे डोळे लागले. १९७३ पर्यंत असे १४८ प्रकार हाती आले आणि ते ३२ जनुकांत वाटले गेले. त्यांना पेशीविभाजन चक्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सीडीसी असं नाव आणि पुढे क्रमांक मिळाला. आपलं जनुक त्यातलं सातवं.

सीडीसी-७ बिघडलेली पेशी ३६ अंशांना नेली, की तिला कळी येते, कळी वाढते, आईच्या अंगाची व्हायला येते, आणि पुढे काही घडत नाही. आत केंद्रक एकच, डीएनएही पहिला होता तेवढाच. आता तिला परत २३ अंशांना आणा. नक्कल सुरू होते. पेशीला नवीन प्रथिनं बनवायला पूर्ण बंदी केली, तरीसुद्धा ती सुरू होऊन पूर्ण होते. हार्टवेल यांच्या प्रयोगशाळेनं १९७४ मध्ये दाखवलेल्या या गोष्टीचा अर्थ विलक्षण आहे. साहित्य जमलेलं आहे, यंत्रं आपापल्या जागी आहेत, प्रेक्षक बसलेले आहेत. राहिली आहे ती फक्त घंटा.

सीडीसी-७ एकटं मात्र मुकं असतं. त्याला डीबीएफ-४ नावाचा जोडीदार लागतो, घंटेला लोलक लागतो तसा. हे नाव डंबेल या शब्दावरून आलं आहे, कारण हे जनुक बिघडलेल्या पेशीही मोठ्या कळीसकट, व्यायामाच्या डंबेलसारख्या दिसत थांबतात. घंटा पेशीत कायम टांगलेली असते. लोलक दर फेरीत नव्यानं बनतो आणि विभाजन संपत आलं, की मोडून टाकला जातो. नको त्या वेळी घंटा वाजू नये, याचा याहून साधा बंदोबस्त सुचणं कठीण आहे.

घंटा वाजते ती कुणासाठी? प्रत्येक आरंभस्थानावर सहा प्रथिनांचा एक गट ठाण मांडून बसलेला असतो, त्याचं नाव ओआरसी. पेशीविभाजन आटोपलं की सीडीसी-६ हे प्रथिन त्याच्या शेजारी येतं आणि दोघं मिळून एमसीएम नावाची कडी बोलावून घेतात. कडीही सहा प्रथिनांची. लहान मुलांच्या पायातल्या वाळ्याला फट असते ना, तशी हिलाही एका बाजूला फट असते. त्या फटीतून डीएनएचा दुपदरी धागा आत घेतला जातो आणि फट मिटते. पाठोपाठ दुसरी कडी तिच्या तोंडाला तोंड लावून बसते. बस्स. या दोन कड्या म्हणजे परवाना. जिथे त्या चढल्या तिथूनच नक्कल सुरू होऊ शकते, पण नुसत्या चढल्यानं काहीच होत नाही. धागा तसाच दुपदरी असतो आणि कड्या स्वस्थ बसलेल्या असतात. या कड्यांचा माग पहिल्यांदा लागला तो १९८४ साली, कॉर्नेल विद्यापीठात बिक टाय यांच्या प्रयोगशाळेत. त्या शोधनिबंधाच्या तीन लेखकांपैकी एक होत्या प्रतिमा सिन्हा, ज्यांनी पुढे कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं.

सीडीसी-७ हे कायनेज जातीचं प्रथिन आहे. दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक छोटा तुकडा चिकटवणं एवढंच त्याला येतं. तो तुकडा ते एमसीएम कडीच्या लोंबत्या शेपट्यांवर चिकटवतं. टोला पडला तो इथे. फॉस्फेट लागताच कडीकडे नवे मदतनीस येऊन चिकटू लागतात, त्यातला सीडीसी-४५ हा महत्त्वाचा. थोड्याच वेळात निजलेल्या कड्यांची दोन चालती यंत्रं बनतात. दुपदरी धागा उकलतो, प्रत्येक कडी एकेका पदराला कवेत घेते आणि दोघी एकमेकींना ओलांडून विरुद्ध दिशांना निघतात. तोंडाला तोंड लावून बसलेल्या दोघी एकमेकींच्या जागेवरून पलीकडे जातात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन सेफ्टी पिना आणि सुतळी घेऊन करून पाहिलं. मगच पटलं.

टोला कडीवरच पडतो, याचा छान पुरावा १९९७ मध्ये मिळाला. कडीतल्या एमसीएम-५ या प्रथिनात एक विशिष्ट बदल असलेलं यीस्ट सापडलं, आणि त्याला सीडीसी-७ वाचूनही जगता येत होतं. कडी आधीच जागी असेल, तर घंटेची गरजच काय! पुढे २०१५ साली लंडनच्या जॉन डिफ्ली यांच्या गटानं पेशी बाजूला ठेवून सोळा शुद्ध केलेले घटक परीक्षानळीत एकत्र केले आणि तिथे नियमबद्ध नक्कल सुरू करून दाखवली. घंटेसकट सगळं नाट्यगृह नळीत उभं राहिलं.

रंगमंदिराची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, तेही सांगतो. पेशीत तिसरी घंटा सगळ्यांसाठी एकदम होत नाही. काही आरंभस्थानं लवकर सुरू होतात, काही उशिरा, आणि सीडीसी-७ नकलेचा पूर्ण काळ हिंडत प्रत्येक ठिकाणी टोला देत राहतं. चारशे दालनांचं रंगमंदिर आणि दारोदार घंटा घेऊन फिरणारा एक माणूस, असं चित्र खरं त्याच्या जवळ जातं. मध्येच कुठे डीएनए तुटला, तर आरएडी-५३ नावाचं प्रथिन त्याच्या लोलकावर हात ठेवतं. जे सुरू झालं ते सावकाश चालू द्या, नवीन कुठे सुरू करू नका.

आता मूळ प्रश्न. एकदाच का? नक्कल सुरू व्हायला सीडीसी-७ बरोबर आणखी एक कायनेज लागतं, सीडीसी-२८. सगळ्या विभाजनाचं व्यवस्थापन याच्याकडे. तेच कड्यांची यंत्रं चालू करायला मदत करतं आणि त्याच वेळी तिकीट खिडकीही बंद करतं. कडी चढवणाऱ्या सीडीसी-६ वर ते अशी खूण करतं, की पेशी त्याचा फडशा पाडते. धाग्यावर न चढलेल्या कड्यांना केंद्रकाबाहेर काढतं. ओआरसीलाही नरम करतं. २००१ मध्ये असं दाखवलं गेलं, की ही तिन्ही कुलपं मोडली तरच यीस्टमध्ये दुबार नक्कल ठळकपणे घडते. परवाना देण्याची वेळ आणि परवाना वापरण्याची वेळ कधीच एकत्र येत नाही. ज्या हातानं पडदा उघडला, त्याच हातानं खिडकी लावून घेतली. हे वाचून झाल्यावर मी त्या रात्री बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

यीस्ट पुण्याला नवं नाही. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये, १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, एनसीआयएम. जिवाणू आणि बुरशींबरोबर तिथे यीस्टचेही अनेक वाण जपलेले आहेत. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या कुणालाही एमजीवायपी ही चार अक्षरं विचारा. माल्ट, ग्लुकोज, यीस्टचा अर्क आणि पेप्टोन यांचं हे खाद्य. ते आगरमध्ये घट्ट करून त्यावर रेघ ओढली, की दोन दिवसांत सायीच्या रंगाच्या वसाहती उठतात आणि प्रयोगशाळेत बेकरीचा वास पसरतो.

एनसीएलच्या शेजारीच २००६ साली स्थापन झालेली आयसर पुणे ही संस्था आहे. तिथे मृदुला नंबियार यांची प्रयोगशाळा दुसऱ्या प्रकारच्या यीस्टवर काम करते. याला कळी येत नाही, ते कांडीसारखं वाढतं आणि मधोमध पडदा पडून दुभागतं. त्याचं नाव पोम्बे. स्वाहिली भाषेत पोम्बे म्हणजे बिअर, आणि १८९३ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या बाजरीच्या बिअरमधूनच ते वेगळं केलं गेलं. (गोव्यातले पोदेर माडाच्या सुरेनं पाव आंबवत, ते आठवतं. यीस्टचा माग काढत गेलं, की माणसांच्या स्वयंपाकघरांतून जावं लागतं.) बीजाणू बनताना गुणसूत्रं आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात. ही अदलाबदल गुणसूत्राच्या मध्यबिंदूजवळ झाली तर घात होतो. पेशी ती तिथे कशी टाळते, हा नंबियार यांचा विषय. त्याचा पाया त्यांनी सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात घातला. १९९७ ते २०१० या काळात हार्टवेल याच केंद्राचे प्रमुख होते. आणि गंमत पाहा, अदलाबदलीसाठी डीएनएला मुद्दाम काप घ्यावे लागतात, त्या कापांसाठीसुद्धा सीडीसी-७ लागतं. पोम्बेमध्ये त्याच्या भावंडाला एचएसके-१ म्हणतात. नक्कल सुरू करणारी घंटा पेशीनं दुसऱ्या कामालाही जुंपली आहे.

कुणी म्हणेल, यीस्टचं आम्हाला काय? १९८७ साली लंडनमध्ये मेलनी ली आणि पॉल नर्स यांनी पोम्बेची अशी एक पेशी घेतली, जिच्यातलं व्यवस्थापक जनुक बिघडलेलं होतं. सीडीसी-२८ चंच हे तिथलं रूप. तिच्यात त्यांनी माणसाची जनुकं घातली. त्यातल्या एका मानवी जनुकानं ती पेशी सावरली आणि विभागू लागली. यीस्टचे आणि आपले पूर्वज वेगळे होऊन सुमारे शंभर कोटी वर्षं झाली असावीत, आणि तरी सुटा भाग तंतोतंत बसला. हार्टवेल, नर्स आणि टिम हंट यांना २००१ चं नोबेल मिळालं. माणसातलं सीडीसी-७ १९९७ मध्ये सापडलं. आपल्या पेशीत आरंभस्थानं हजारोंनी असतात आणि नकलेला सुमारे आठ तास लागतात, पण कड्या त्याच, परवान्याचा नियम तोच, घंटाही तीच. जिथे घंटा बेसुमार वाजते अशा कर्करोगाच्या पेशींसाठी सीडीसी-७ दाबून धरणारी औषधं रुग्णांवर तपासली गेली आहेत. ओआरसी आणि सीडीसी-६ यांच्या जनुकांतल्या दोषांमुळे मुलांची उंची खुंटते, कान लहान राहतात, गुडघ्याच्या वाट्या बनत नाहीत. या विकाराचं नाव मायर-गॉर्लिन. त्याचं कारण २०११ मध्ये उलगडलं, आणि ते लगेच समजलं, कारण ही प्रथिनं काय करतात हे यीस्टनं आधीच सांगून ठेवलं होतं.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पुण्यातल्या अनेक संशोधन संस्था लोकांसाठी दारं उघडतात. मुलांना घेऊन जा आणि यीस्ट दाखवा म्हणून आग्रह धरा. तेवढा धीर नसेल, तर यीस्टचं पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि त्या दिवसांत द्राक्षंही स्वस्त असतात. रसात चिमूटभर यीस्ट घाला, दोन तास थांबा, एक थेंब काचपट्टीवर घ्या आणि कळी असलेली पेशी शोधा. कळी छोटी असेल, तर आत नक्कल चालू आहे. मोठी असेल, तर झाली आहे.